थोरल्या-धाकट्याचं तेरावं

एका जंगलात, बाळांनो, वीज आली होती. कशी आली ते विचारू नका. आली होती, आणि तुमच्याकडे जाते तशी अधूनमधून जातही होती.

त्या जंगलात गुलाबराव नावाचं एक अस्वल राहायचं. गुलाबराव गिटार वाजवायचा. हसू नका. अस्वलाला नखं आयतीच असतात, अर्धं काम तिथेच होतं.

गुलाबरावाकडे दोन जुने अ‍ॅम्प्लिफायर होते. एक थोरला, एक धाकटा. गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या या दोन लाकडी पेट्या. आत काचेचे व्हॉल्व्ह होते, आजोबांच्या रेडिओत असायचे तसले. बटण दाबलं की त्या लगेच वाजायच्या नाहीत. आधी तापायच्या. व्हॉल्व्ह हळूहळू केशरी व्हायचे, तोवर गुलाबराव थोरल्याच्या पाठीवर पंजा ठेवून बसून राहायचा. पंजाला ऊब लागली की तार छेडायचा. मग असा गोल, भरदार आवाज निघायचा की समोरच्या डोंगरावरची माकडं खाजवायची थांबायची.

खरं सांगू का? गुलाबराव काही फार मोठा वादक नव्हता. त्याला साडेचार गाणी यायची. पण त्या आवाजात साडेचारही पुरून उरायची. दिवसभर मधमाश्यांच्या शिव्या खाऊन तो घरी यायचा, अर्धा तास वाजवायचा आणि मग माणसात यायचा. म्हणजे अस्वलात.

शेजारी मात्र रोज ओरडायचे, "अहो, आवाज कमी करा!"

असं सगळं झकास चाललं होतं. तेवढ्यात बगळा आला.

बगळ्याचं नाव शुभानंद. तो तळ्यात एका पायावर उभा राहून व्याख्यानं द्यायचा. विषय ठरलेला : 'कमी सामान, मोठं समाधान'. तो म्हणायचा, "वस्तू सोडा, मन मोकळं होईल. माझ्याकडे बघा. माझ्या घरात काहीही नाही." हे अगदी खरं होतं. त्याला घरच नव्हतं. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तो फार हळू आवाजात बोलायचा, आणि हळू बोलणारा शहाणा असतो असं त्या जंगलात मानत.

झालं! जंगलाला वेड लागलं. खारीने साठवलेल्या बिया वाटून टाकल्या आणि पुढच्याच आठवड्यात त्याच बिया मागत दारोदार फिरली. गोगलगाईने शंख उतरवायला घेतला. ते सांगण्यासारखं नाही.

गुलाबरावही व्याख्यान ऐकून घरी आला. बायकोला म्हणाला, "अगं अनसूये, मी थोरला आणि धाकटा विकून टाकतोय."

"का? काय झालं त्यांना?"

"जागा अडवतात."

"कुणाची?"

गुहा ऐसपैस होती. राहायला दोघंच. गुलाबरावाने जरा विचार केला. "मनातली," तो म्हणाला.

"माझ्या मनात भरपूर जागा आहे. राहू द्या तिथे. नंतर हळहळत बसाल, सांगून ठेवते."

"मी? छे! आपण असल्या मोहात अडकणारे नव्हे."

पलीकडच्या टेकडीवरचा निवृत्ती साळिंदर गाडी घेऊन पेट्या न्यायला आला. बोलायला कमी आणि वागायला सरळ असा तो प्राणी. आपले काटे लागून ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने दोन्ही पेट्यांना गोणपाट गुंडाळलं. "दादा, नक्की ना?" त्याने तीनदा विचारलं. गुलाबरावानेही तीनदा "नक्की" म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना आवाज थोडा चिरकला, पण खोकल्याचं निमित्त झालं.

आता गुलाबरावाकडे मुठीत मावेल एवढी एक नवी डबी आली. तिच्यात म्हणे गिटारचे शंभर तऱ्हेचे आवाज होते. बटण दाबलं की वाजायला तयार. थांबणं नाही, तापणं नाही. पहिल्या संध्याकाळी गुलाबराव डबीसमोर बसला आणि त्याला पंजा कुठे ठेवावा तेच कळेना. त्याने शंभरही आवाज लावून पाहिले. शंभरही पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखे होते.

चौथ्या दिवशी त्याचा बांध फुटला. "अगं, मी हे काय करून बसलो! सोन्यासारखे दोघं घरात होते, आणि मी त्यांना गाडीवर चढवून दिलं!"

"मग जा आणि परत मागा. निवृत्ती काही नाही म्हणायचा नाही."

"विकलेलं मागायला जाऊ? चारचौघांत माझं तोंड कसं दिसेल?"

"आत्ता दिसतंय त्यापेक्षा बरं दिसेल," अनसूया म्हणाली.

पण गुलाबराव गेला नाही. तो दारात बसून रडू लागला. जेवणही सोडलं.

आता त्या जंगलात, बाळांनो, दुःखाची एकच रीत होती. कुणाच्या घरातलं कुणी गेलं की त्या घरी चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा, दहा दिवस भेटायला जायचं आणि तेराव्याला गोड करायचं. दुसऱ्या कुठल्या दुःखासाठी दुसरी काही सोयच नव्हती. गव्यांच्या भागीरथी आत्या जंगलात सगळ्यात वडीलधाऱ्या. त्यांनी लांबूनच पाहिलं. "रडतोय, जेवत नाही, दारात बसलाय. म्हणजे सुतकच," त्या म्हणाल्या, आणि पिठल्याचं पातेलं उचलून निघाल्या.

मग काय! रीघ लागली. रानडुकरं आली, मोर आले, आवाज कमी करा म्हणून ओरडणारे झाडून सगळे आले.

"एकाच दिवशी दोन्ही गेले हो!" मोर म्हणाला.

"आदल्या दिवशी वाजले होते का?" भागीरथी आत्यांनी विचारलं.

"छान वाजले, आत्या," गुलाबराव म्हणाला.

"तसंच असतं बाबा. जायच्या आधी छानच वाजतात."

दहा दिवस झाले. तेरावं झालं. बासुंदी झाली. बगळ्याने वियोगावर दोन शब्द सांगितले आणि तीन वाट्या बासुंदी घेतली. मग गुलाबराव बोलायला उठला. व्हॉल्व्ह कसे केशरी व्हायचे, ऊब कशी लागायची, हे त्याने सांगितलं. ऐकताना भलेभले रडले.

तेव्हापासून गुलाबरावाला बोलावणी येऊ लागली. आज या डोंगरावर भाषण, उद्या त्या नाल्याकाठी. गिटारला त्याने हात लावला नाही, वेळच मिळत नव्हता. पूर्वी त्याची साडेचार गाणी कुणी धड ऐकली नव्हती, पण आता ती गाणी गेली म्हणून अख्खं जंगल हळहळत होतं. शेवटी त्याचा जाहीर सत्कार करायचं ठरलं. शाल, श्रीफळ आणि 'विरहभूषण' ही पदवी. तयारीची बैठक गुलाबरावाच्याच अंगणात बसली.

बैठक रंगात आली आणि निवृत्ती साळिंदराची गाडी अंगणात येऊन थांबली. गाडीवर गोणपाटात गुंडाळलेल्या दोन पेट्या होत्या.

"दादा," तो धापा टाकत म्हणाला, "मला कालच कळलं. अहो, एवढा जीव होता तर एक निरोप धाडायचा! घ्या परत. मला काही नको."

भागीरथी आत्यांनी कपाळाला खूर लावला. "दिवस घातले त्यांचे! बासुंदी जेवलोय आम्ही!"

"आणि सत्काराचं काय?" मोराने विचारलं.

निवृत्तीला यातलं काही कळेना. त्याने आपली भोळेपणाने थोरल्याची वायर जोडली आणि बटण दाबलं. सगळे बघत राहिले. आत व्हॉल्व्ह केशरी होऊ लागले. पेटीतून ती ओळखीची बारीक घरघर आली.

गुलाबरावाचा पंजा आपोआप पुढे गेला. पाठीवर टेकला. ऊब लागली. बाळांनो, त्या क्षणी त्याला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की त्याला घरात जाऊन गिटार आणावीशी वाटली आणि सगळ्यांना हाकलून द्यावंसं वाटलं.

मग त्याने मान वर केली. अख्खं जंगल त्याच्याकडे बघत होतं. सगळ्यांत पुढे, शाल घडी करून पंखावर घेतलेला मोर.

गुलाबरावाने पंजा काढून घेतला.

"नाही," तो म्हणाला. "हे ते नव्हेत."

"अहो दादा, तुमच्याच घरून तर नेले होते मी!"

"पेट्या त्याच असतील निवृत्ती. पण ते आता यांच्यात नाहीत."

"वा!" बगळा हळूच म्हणाला. भागीरथी आत्यांनी डोळे पुसले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. निवृत्तीने खूप वेळ डोकं खाजवलं, मग वायर काढली, पेट्या पुन्हा गोणपाटात गुंडाळल्या आणि गाडी वळवली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर अनसूया जवळ आली. "अहो, ते आपलेच होते ना?"

"होते," गुलाबराव म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडू लागला.

त्या दिवशी मात्र त्याला भेटायला कुणी आलं नाही. सगळे त्याच्या सत्काराचा मांडव घालायला गेले होते.

तात्पर्य : आवडती वस्तू विकताना गिऱ्हाईक नीट पारखून घ्यावं. ते पक्कं लबाड असावं. प्रामाणिक गिऱ्हाईक वस्तू कधी परत आणून देईल, याचा नेम नसतो.