पश्चिमेला निघालेलं गाठोडं

बापूसाहेब निरखे गेली कित्येक वर्षं त्रिनिदादला निघालेले आहेत आणि परवापर्यंत आमच्या घरातल्या पिठाच्या डब्यामागे पोहोचले होते.

ही अतिशयोक्ती नाही. मी पत्रकं लिहिणारा माणूस आहे. अतिशयोक्ती करायची असली की मी ती ठळक टाइपात करतो. हे साध्या टाइपात लिहितो आहे.

आपल्याकडे प्रस्थान ठेवण्याची एक चाल आहे. प्रवासाचा मुहूर्त साधतो, पण निघणं साधत नाही. अशा वेळी थोडं सामान गाठोड्यात बांधायचं आणि जायच्या दिशेला राहणाऱ्या एखाद्याच्या घरी मुहूर्तावर नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. मग त्याने दोन-चार दिवसांत सवडीने मागून जावं. बापूसाहेबांना ती सवड अजून झालेली नाही. आणि मुहूर्त टळला तरी गाठोडं घरी परत आणणं अशुभ! म्हणून पुढच्या मुहूर्ताला ते तिथूनच आणखी पश्चिमेच्या घरी जातं. इंदूरच्या मल्हारगंजातल्या शेजारच्या घरापासून सुरुवात करून हे गाठोडं वकिलांकडे, मास्तरांकडे, एका वैद्यांकडे मुक्काम करत बडा गणपतीजवळ आमच्याकडे येऊन ठेपलं. आमच्या पुढे ओळखीचं घर नाही. त्यापुढे एकदम बिजासनच्या टेकडीजवळचा विमानतळ.

विसाव्या शतकाच्या मध्यावर, राजेशाही जाऊन मध्य भारत सरकार आलेलं असताना, एक सुशिक्षित पेन्शनर गाठोड्याच्या रूपाने प्रवास करतो, आणि माझी आई त्या गाठोड्यावर धूळ बसू नये म्हणून फडका घालते! मी संतापलो. आई म्हणाली, "संताप, पण त्याला पाय लावू नकोस. माणूस आहे तो."

गाठोड्यात एक धोतरजोडी, सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ आणि शेरभर लौंगाची, म्हणजे लवंग घातलेली, शेव असते. शेव मित्रासाठी. ती मऊ पडते म्हणून दर मुहूर्ताला बापूसाहेब ताजी आणून भरतात आणि जुनी यजमानाच्या घरी देतात. त्यामुळे त्रिनिदादच्या वाट्याची शेव गेली कित्येक वर्षं मल्हारगंज खातो आहे. शेववाला त्यांना लांबून पाहूनच तराजू उचलतो. "आओ बापूसाब! तिरनिदाद की तौल दूँ, के घर की?"

"दोन्ही," बापूसाहेब म्हणतात. "तिकडची जरा कडक दे भिया, बोटीत दमटपणा असतो."

कोणी विचारलंच, की कधी निघणार, तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "निघालो तर आहेच. पोहोचायचं तेवढं राहिलंय."

बापूसाहेब होळकर दरबारच्या फरासखान्यात होते. म्हणजे तंबू, कनाती, सतरंज्या यांच्या खात्यात. दरबारची स्वारी कुठेही निघाली की हे सामान बांधून मुहूर्तावर पुढे धाडायचं. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांना रवाना केलं. स्वतः शेजारच्या महूच्या पुढे गेलेले नाहीत. संस्थान विलीन झालं, तंबू गुंडाळले गेले, आणि बापूसाहेबांकडे पेन्शन व गाठ मारण्याचं असामान्य कौशल्य एवढंच उरलं.

त्यांचा मित्र म्हणजे डॉक्टर हरिलाल. त्याच्या आजोबांना इंग्रजांनी ऊस तोडायला त्रिनिदाद बेटावर नेलं होतं. (या अन्यायावर माझं स्वतंत्र पत्रक आहे.) नातू डॉक्टरी शिकायला हिंदुस्थानात आला तो फिरत फिरत इंदूरला, आणि जेवायला बापूसाहेबांकडे. पुरणपोळीला तो 'मीठी रोटी' म्हणायचा आणि बापूसाहेबांच्या पत्नीला, रमाकाकूंना, 'माई'. बापूसाहेबांना मूलबाळ नाही, भाऊ नाही. हा एक मित्र. शिकून तो परत गेला. जाताना बापूसाहेबांचे दोन्ही हात धरून म्हणाला, "भाई, एक बार समुंदर देख लो। मेरे घर के ओटले से दिखता है।" तेव्हापासून तो बोलावतो आहे. आता तर बोटीच्या जाण्यायेण्याची सोयही त्यानेच मुंबईच्या कचेरीत करून ठेवली आहे. तब्येत बरी नसते, लवकर या, असंही हल्ली लिहितो.

आणि बापूसाहेबांना जायचं नाही असंही नाही. संध्याकाळी दिवे लागले की म्हणणार, "आता तिकडे सकाळ. हरिलाल दात घासून राहिला असेल." बोट लागू नये म्हणून ते रोज तासभर झोपाळ्यावर सराव करतात, तोही आडवा हेलकावा देऊन. समोरच्या खाटेवर रमाकाकू असतात. हरिलाल परत गेल्यानंतरच त्यांची उजवी बाजू लकव्याने गेली. त्या पडल्यापडल्या विचारतात, "कुठवर आलो?"

"एडन."

"काल पण एडनच होतं."

"कोळसा भरून राहिले आहेत."

हे मी स्वतः ऐकलेलं आहे. ऐकून मी बाहेर येऊन आमच्या विवेक तरुण संघाची बैठक बोलावली.

संघात आम्ही चौघं. ठराव एकमताने झाला, की या गृहस्थाला अंधश्रद्धेच्या दावणीतून सोडवून बोटीत बसवायचं. मी रीतसर तयारी केली. पंचांग खोडून काढायचं म्हणून आधी ते पाठ केलं, आणि बापूसाहेबांना गाठलं.

"शुक्रवारी निघा," मी म्हणालो.

"शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ. रविवारीही."

"मग गुरुवारी."

"गाडी आधी खांडव्याकडे जाते. म्हणजे दक्षिण. गुरुवारी दक्षिणेला शूळ."

"जायचं पश्चिमेला आणि शूळ दक्षिणेचा कसा लागेल?"

"पहिलं पाऊल दक्षिणेला पडतं ना भिया? शूळ पायाला बोचतो, उद्देशाला नाही."

"मंगळवार!"

"माझी रास मकर. मंगळवार घातवार."

"उरले सोम, बुध, शनि."

"सोमवारी हिचा उपवास, फराळाचं मला करावं लागतं. बुध-शनि राहिले, तर चंद्र समोर हवा." आणि ते माझ्याकडे दयेने पाहून म्हणाले, "लीडरसाहेब, तुम्ही उगाच गर्मी करून राहिलात. पंचांग काय एका दिवसात येतं?"

तरी मी मागे हटलो नाही. पासपोर्टाचा अर्ज मी भरला, फोटोसाठी त्यांना टोपी नीट घालायला लावली. चौकशीला हवालदार आला. "ये तिरनिदाद कौन-से जिले में पड़ता है?" बापूसाहेब हात जोडून म्हणाले, "हुजूर, पश्चिम में." एवढ्यावर चौकशी संपली. पासपोर्ट आला. टोचून घेतलं. सगळे अडथळे मी एकेक करून दूर करत गेलो आणि दर वेळी बापूसाहेबांचा चेहरा थोडा उतरत गेला. मी तो समुद्राच्या भीतीचा परिणाम समजलो. शेवटी मी म्हणालो, "काकूंची काळजी नको. माझी आई बघेल." त्यावर ते कधी नव्हे ते चिडले. "तिचा यात काय संबंध? तिचं नाव कशाला मध्ये? अडलंय ते चंद्रानं!"

मग मी पत्रक काढलं. 'पश्चिमेला निघालेलं गाठोडं'. नाव छापलं नाही. पण मल्हारगंजात दुसरं गाठोडं नाही. त्यात मी सिद्ध केलं, की दिवस सगळे सारखे असतात, चंद्राला कोणाच्या प्रवासाशी देणंघेणं नाही, आणि या गृहस्थांना आज, आत्ता, कोणत्याही दिवशी निघता येतं. अडवणारं काहीही नाही. हे शेवटचं वाक्य ठळक टाइपात होतं. घरोघरी वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवटचा घाव घालायला त्यांच्या घरी गेलो. बापूसाहेब घरात नव्हते. काकूंच्या मालिशचं तेल आणायला गेले होते. काकू जाग्या होत्या. पत्रक उशाशी होतं.

"शेजारणीनं वाचून दाखवलं," काकू म्हणाल्या. "चांगलं लिहितोस. बस."

मी बसलो.

"हे खरं आहे? चंद्राचं?"

"शास्त्रीय सत्य आहे काकू."

"म्हणजे हे कधीही जाऊ शकत होते?"

"कधीही!" मी उत्साहाने म्हणालो.

काकूंनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "मी पडले ना, तेव्हा ह्यांचं सामान बांधलेलं होतं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, माझ्यामुळे राहिलात ना? तर हे हसले, पंचांग उघडून माझ्यासमोर धरलं. म्हणाले, छे! चंद्र वाईट आहे म्हणून. बघ, प्रस्थान ठेवूनच येतो, म्हणजे निघाल्यासारखं झालं. आणि गाठोडं घेऊन शेजारी गेले. तेव्हापासून मी त्या मेल्या चंद्राला शिव्या देत्ये." त्यांनी डाव्या हाताने पत्रक चाचपलं. "आता तू म्हणतोस, चंद्राचा दोष नाही. मग उरलं कोण रे या घरात?"

 

दारात चाहूल लागली. बापूसाहेब तेलाची बाटली घेऊन उंबऱ्यात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं की शेवटचंच, कळायला मार्ग नव्हता. ते माझ्याकडे बघत होते. इतक्या वेळा मी त्यांना कोंडीत पकडलं होतं, पण असं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. बाटलीचं बूच घट्ट असूनही त्यावर अंगठा दाबून धरला होता.

मी खाकरलो.

"काकू," मी म्हणालो, "त्या पत्रकात सर्वसाधारण माणसांविषयी लिहिलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे ज्यांची रास मकर नाही. बापूसाहेबांची गोष्ट वेगळी. शुक्रवार-रविवार पश्चिमेला दिशाशूळ. गुरुवारी दक्षिणेला. गाडी खांडव्यावरून जाते, त्यामुळे तोही लागतो. मंगळवार घातवार."

"ते हे पण सांगतात. बुधवार?"

"बुधवारी," मी म्हणालो, आणि माझं पाठांतर तिथे संपलं.

"बुधवारी चंद्र पाठीला," दारातून बापूसाहेब म्हणाले. "आणि योगिनी समोर."

"योगिनी समोर," मी म्हणालो. "ती तर फारच वाईट. मी सगळं तपासलंय काकू. मी या विषयावर पत्रक काढलंय. हे कुठल्याही परिस्थितीत जाऊ शकत नाहीत."

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यांना काय वाटलं ते मला ठाऊक नाही. त्या काही भोळ्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मग दुसऱ्यांदा छापशील तेव्हा ते मकर राशीचं नीट घाल. लोकांचा गैरसमज होतो."

"घालतो."

बापूसाहेबांनी बाटली कोनाड्यात ठेवली. तेल गरम करायला ठेवून ते झोपाळ्यावर बसले, सकाळीच. खरं तर सरावाची वेळ संध्याकाळची. मी उठायला लागलो तर म्हणाले, "बसा लीडरसाहेब. भरसमुद्रात कुठे उतरता?"

"कुठवर आलो?" काकूंनी विचारलं.

"सुवेझ," बापूसाहेब म्हणाले.

"अगंबाई. आज पुढे सरकलं."

मुहूर्त हे थोतांड आहे, हे माझं मत कायम आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी आमच्या संघाकडून पत्रक मागवावं. प्रती पुष्कळ शिल्लक आहेत, कारण उरलेलं वाटप मी थांबवलं. संघातल्या बाकी तिघांनी माझा निषेध केला. तोही एकमताने.

परवा पुन्हा मुहूर्त होता. बापूसाहेब ताजी शेव घेऊन आमच्याकडे आले आणि ओट्यावर अवघडून उभे राहिले. आमच्या पुढे पश्चिमेला घर नाही, आणि मुहूर्ताला गाठोडं हललंच पाहिजे. घरी परत नेलं तर काकूंना काय सांगणार?

मी आमचं घर नीट पाहिलं. स्वयंपाकघरातल्या पिठाच्या डब्यापेक्षा मागच्या खोलीतलं माझं पत्रकांचं कपाट पाचसहा हात जास्त पश्चिमेला आहे. मी गाठोडं उचललं, पाय न लावता, आणि त्या कपाटावर ठेवलं. बापूसाहेबांनी होकायंत्रावर नजर ठेवणाऱ्या कप्तानासारखी मान हलवली आणि जुनी शेव आईच्या हातात दिली.

संध्याकाळी मी त्यांच्या घरावरून जात होतो. खिडकीतून काकूंनी हाक मारली. "काय रे, गाठोडं हललं का?"

"हललं काकू," मी म्हणालो. "निघाले तर आहेतच. पोहोचायचं तेवढं राहिलंय."