तारा नसलेली गिटार

राजय्याअण्णांशी बोलायचं असेल तर आधी आपलं मनगट त्यांच्या हातात द्यावं लागतं. ते धरून, आपल्या ओठांवर नजर रोखून ते म्हणतात, "हां, बोला. चालू हाय." मध्येच शब्द निसटला की दुसरा हात वर करून ओरडतात, "धागा तुटला!" मग आपण ते वाक्य मुळापासून पुन्हा म्हणायचं. मी शाळेत शिकवते. एकच वाक्य चारचारदा सांगण्यात माझा जन्म चाललाय, त्यामुळे आमचं छान जमतं.

सोलापूरच्या पूर्व भागात आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. अण्णांनी उभा जन्म यंत्रमागावर चादरी विणल्या आणि त्या खडखडाटात कान घालवून बसले. आमच्या गल्लीत याचं कुणाला नवल नाही. इथली निम्मी म्हातारी माणसं कानात सांगायची गोष्टसुद्धा कोपऱ्यावरच्या दुकानाला ऐकू जाईल अशी सांगतात. अण्णांच्या मुलीनं हैदराबादहून कानाचं यंत्र पाठवलं होतं. अण्णांनी ते एक दिवस लावलं आणि देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवून दिलं. "ते घातलं की डोक्यात माग चालू होतोय, टीचरबाई. मग रिटायर कशाला झालो म्हणायचं?"

कानांचं काम त्यांनी तळहाताकडे दिलंय. कुठलीही वस्तू घेताना ते तिच्यावर हात ठेवतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. फर्स्ट माल नाहीतर सेकंड माल, तिसरा प्रकार नाही. माझ्या नव्या फ्रिजला त्यांनी दारातच हात लावून "फर्स्ट माल!" म्हटलं होतं. आठवड्यात तो बंद पडला. अण्णांनी मत काही बदललं नाही. "माल फर्स्टच हाय. तुमची लाईट सेकंड हाय."

तर या अण्णांनी गेल्या वर्षी गिटार घ्यायचं काढलं.

झालं असं की त्यांच्या भाचीच्या लग्नाच्या खरेदीला आम्ही मॉलमध्ये गेलो होतो. त्यांची बायको सुशीलाक्का आणि मी साड्यांत बुडालो, आणि अण्णा हरवले. शोधत शोधत वरच्या मजल्यावर गेलो, तर पोरांच्या खेळांच्या मशीनपुढे अण्णा उभे. गळ्यात प्लास्टिकची गिटार. तिला तारा नाहीत, मानेवर पाच रंगांची पाच बटणं आणि पोटावर एक पट्टी. समोरच्या पडद्यावर रंगीत ठिपके वरून खाली घरंगळत येत होते. ज्या रंगाचा ठिपका खाली येईल ते बटण दाबायचं आणि पट्टी हलवायची, की गाणं वाजतं. अण्णांच्या मागे कॉलेजच्या पोरांची रांग लागली होती आणि ती चुळबुळत होती, पण चुळबुळ ऐकू येणाऱ्यांसाठी असते. अण्णांनी एक पोटरी थरथरणाऱ्या मशीनला टेकवली होती आणि चेहरा असा फुलला होता की मी त्यांना हाक मारायची विसरले.

"टीचरबाई, गाणं वाजवलं मी! ऐकलं का?"

अक्का म्हणाली, "ऐकलं की. सगळ्या मॉलनं ऐकलं. आता चला, ब्लाउजपीस राहिलाय."

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्या दारात. गिटार घ्यायची, सोबत या. वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं मोठ्या प्रेमानं चांगली लाकडी गिटार पुढे ठेवली. अण्णांनी तिच्यावरून हात फिरवला आणि तारांशी येऊन थांबले. "ह्या काढून मिळंल का?"

दुकानदाराला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काका, तारा काढल्या तर वाजणार कशी?"

"आणि तुटल्या तर? सगळा जन्म तुटलेलं जोडण्यात गेला माझा. आता परत दोऱ्या घेऊन बसू?" असं म्हणून त्यांनी गिटार इतक्या अदबीनं परत दिली की दुकानदारानं आम्हाला चहा पाजला.

शेवटी विजापूर वेशीजवळ इरफानभाईच्या दुकानात ती सापडली. इरफानभाई व्हिडिओ गेम दुरुस्त करतो. जुन्या रिमोटच्या ढिगाखालून त्यानं एक गिटार ओढून काढली. कधीकाळी पांढरी असावी. "चाचा, नवी अब कुठे मिलती नै. ये लेव. बटनां पाचों चलते. नातवासाठी लेते क्या?"

"माझ्यासाठी," अण्णा म्हणाले. त्यांनी एकेक बटण दाबून पाहिलं. पोटावरची पट्टी खालीवर केली आणि खूश होऊन मला म्हणाले, "हा धोटा." मागावरचा धोटा आडवा धागा घेऊन जसा इकडून तिकडे धावतो तशी ती पट्टी त्यांना वाटली असावी. इरफानभाईनं आणखी एक गोष्ट सांगितली. चुकीचं बटण दाबलं की गाण्याचा आवाज जातो, बरोबर दाबलं की परत येतो. हे त्यांना समजावताना धागा तीनदा तुटला, पण कळल्यावर अण्णांनी टाळीच वाजवली. "माग बी असाच! धागा तुटला की गप उभा राहतोय. फर्स्ट माल!" कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्याला घाम फोडणारा हा माणूस घासाघीस न करता गिटार काखेत मारून निघाला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

इरफानभाईनं त्यांच्या टीव्हीला खेळ जोडून दिला. त्यात गाण्यांचा ढीग होता. अण्णांनी प्रत्येक गाण्याला टीव्हीवर हात ठेवला आणि प्रत्येकाला सेकंड माल ठरवलं. मी वैतागले. म्हटलं, अण्णा, एवढी हौस केलीत, मग वाजवायचंय तरी काय?

त्यांनी आधी आत पाहिलं. अक्का स्वयंपाकघरात होती. मग त्यांच्या समजुतीप्रमाणे ते कुजबुजले, म्हणजे शेजारच्या तीन घरांना ऐकू गेलं. "हिचं गाणं. बिड्या वळताना म्हणती ते. लगीन झालं तवा ऐकत होतो. मग कमी कमी होत गेलं. हिचं भांडण अजून पोचतंय की मला, गाणं पोचत न्हाय."

भिंतीपलीकडून ते गाणं मी रोज फुकट ऐकत होते. अक्काच्या आईकडून आलेलं, तेलुगूतलं, अगदी हलक्या आवाजातलं. वर मी कधीकधी खिडकी लावून घ्यायचे, तपासायला पेपर असायचे म्हणून.

हे कुजबुजणं अर्थातच अक्कानंही ऐकलं होतं. ती पदराला हात पुसत बाहेर आली, लाल झालेली. "मी काय गाणारीण हाय? लोक हसतील." पण ती नाही म्हणाली नाही, हे मी शिक्षिकेच्या कानांनी टिपलं.

इरफानभाई एका दुपारी लॅपटॉप घेऊन आला. गाणं मोबाईलवर भरून खेळात घालता येतं, पण कुठे कुठला ठिपका पडावा हे कुणीतरी बटणं दाबून ठरवायला लागतं. तो म्हणाला, "चाचा, मैं करतूं. तुमकू सुनने में नै आता." अण्णांनी ऐकलं नाही, दोन्ही अर्थांनी. "डिझाईन माझं मी करणार."

अक्का गायला बसली आणि तिच्या तोंडून सूर फुटेना. हात रिकामे असले की तिला गाणं येतच नाही. मग मांडीवर सूप घेतलं, त्यात पानं आणि तंबाखू आला, बोटं चालू लागली आणि पहिली बिडी वळेपर्यंत गाणंही आलं. अण्णा तिच्या मागे सरकून बसले. एक तळहात तिच्या पाठीवर ठेवला, दुसऱ्या हाताची बोटं गिटारच्या बटणांवर. डोळे मिटलेले. आवाज चढला की पिवळं, उतरला की हिरवं, असं त्यांचं काहीतरी चाललं होतं. दार सताड उघडं होतं आणि येणारे-जाणारे थबकून बघत होते.

"अय्यो, हात काढा की! टीचरबाई बघायल्यात!" अक्का मध्येच म्हणाली.

"धागा तुटला!" अण्णा ओरडले. "परत म्हण."

तिनं परत म्हटलं. त्या दुपारी किती वेळा म्हटलं ते तिलाच ठाऊक, पण सूप बिड्यांनी भरलं होतं.

त्यानंतर संध्याकाळी भिंतीपलीकडून नवाच प्रकार ऐकू येऊ लागला. टीव्हीतून अक्काचा आवाज यायचा, दोन ओळी व्हायच्या आणि गप्प. अण्णा चुकलेले असायचे, पण त्यांना ते कसं कळणार? मग खरी अक्का सगळा जोर लावून ओरडायची, "धागा तुटलाऽऽ!" हे मात्र त्यांना पोचायचं. ते पहिल्यापासून सुरू करायचे. गाणं दिवसेंदिवस लांबत गेलं. आता मी खिडकी लावत नव्हते. पेपर तसेच पडून राहायचे, आणि आज कुठपर्यंत जाणार म्हणून मीच हातातलं काम सोडून बसायचे.

एका संध्याकाळी ते थांबलंच नाही. शेवटच्या ओळीपर्यंत गेलं आणि नीट संपलं. मला राहवलं नाही, मी तशीच त्यांच्या दारात गेले.

अण्णा पडद्याकडे पाहतच नव्हते. गळ्यात गिटार, नजर अक्काच्या तोंडाकडे. ती ओरडली नव्हती, म्हणून ते घाबरले होते. "बागुंदा?" त्यांनी तेलुगूत विचारलं. चांगलं झालं का? "सगळं आलं का?"

अक्कानं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं, त्यांच्या गळ्यातून गिटार काढून भिंतीला टेकवली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली. मग मागे हात नेऊन त्यांचा तळहात धरला आणि आपल्या पाठीवर ठेवला.

आणि ती गाऊ लागली. टीव्ही गप्प होता, सूप लांब होतं. तिचे दोन्ही हात मांडीवर नुसते पडले होते, रिकामे.