तिसरा रकाना

आमच्या सौ.नं "भात झाला, बसा" म्हटलं, की गावंडे मास्तर आधी चुलीपाशी जाऊन भांड्याचं झाकण उचलून बघत. मगच पाटावर बसत. "वहिनी, राग नोको मानजा. आयकलं अन् पाह्यलं यात लय फरक असते."

बायको कधीच वारलेली, लेकरूबाळ नाही. दर रविवारचं जेवण आमच्याकडे ठरलेलं. माझी तिन्ही पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर. कळंब तालुक्यातल्या त्या खेड्यात हेडमास्तर, गावंडे आणि मी, एवढीच आमची शाळा.

गावात कोणी सांगावं, पाटलाच्या म्हशीला दोन तोंडांचं पारडू झालं. यांचा प्रश्न तयार: "पाह्यलं का आयकलं?" सांगणारा चिडायचा. हे सायकल काढून बघून यायचे आणि भर चौकात सांगायचे, "एकच तोंड हाये, बापा." अशा माणसाला गाव काय जीव लावणार!

त्या वर्षी वरून कागद आला, शाळेनं मुलांकडून गावाची पाहणी करवून घ्यावी. बाकीच्या शाळांत मास्तरांनीच एका बैठकीत पाहणी लिहून टाकली. गावंडे मात्र पेटले. सातवीच्या पोरापोरींना त्यांनी वहीत तीन रकाने आखायला लावले: पाह्यलं, आयकलं, माहीत नाही. "ज्याचा तिसरा रकाना कोरा, तो लबाड!" प्रश्न कसा विचारायचा याचीही आठ दिवस तालीम. "तुमची पोरगी शाळेत येते ना, असं इचारशीन त लोकं 'हो'च म्हणतीन. घरात लेकरं किती अन् आत्ता कुठी हायेत, एवढंच इचार. अन् मंग तोंड बंद ठेव. माणूस बोलाले वेळ घेते."

विषयही त्यांचाच: कापूस वेचणीच्या दिवसांत पटावरची लेकरं कुठं असतात? मी हसलो. "मास्तर, हे काय इचाराले लागते? वावरात!"

"पाह्यलं का आयकलं?"

तेव्हाच त्यांना थांबवायला हवं होतं. पटावर ठरावीक इतकी नावं असली तरच शाळेला तिसरा मास्तर मिळे, आणि तो तिसरा मास्तर म्हणजे मी. हेडमास्तरांनी मला तोंडी बजावलं होतं, एकही नाव कमी करायचं नाही. मी दुसरीची हजेरी रोज ठोकून देत असे. अख्ख्या गावाची झाकणं उचलणाऱ्या या माणसानं माझी हजेरी मात्र कधी उघडली नव्हती. दोस्ताच्या वहीत डोकावू नये म्हणे.

पोरांनी हजेरीतली नावं उतरवून घेतली आणि घरोघर निघाली. दुसरीत तांड्यावरची झमकी होती. तिच्याबद्दल सातवीतल्या एका मुलीनं 'आयकलं'मध्ये लिहिलं, ताप येऊन वारली. गावंड्यांनी तिला परत पाठवलं. ती झमकीच्या याडीपाशी, म्हणजे आईपाशी, जाऊन गप्प बसून राहिली. मग त्या बाईनं पेटी उघडली. मुलीनं वहीत लिहिलं:

पाह्यलं: झमकीचा लहान घागरा.
आयकलं: वारून दोन वर्सं झाली.
माहीत नाही: मास्तर तिची हजेरी काहून लावते.

दोन वर्षं मी तिला दुसरीतच नापास करत होतो.

गावंड्यांनी ते पान वाचलं आणि मला एका शब्दानं विचारलं नाही. हेडमास्तरांनी मात्र मला गाठलं. "सोमवारी दिपोटीसाहेब शाळा तपासायला येतात. पाहणीची नवी वही कर. तुझं अक्षर चांगलं आहे." शनिवारी दुपारी मी घरी ती लिहायला बसलो. सगळी लेकरं शाळेत, तिसरा रकाना कोरा. लिहिता लिहिता मान वर केली तर दारात गावंडे. मी वहीवर हात ठेवला. "जेवण झालं काय?" एवढंच विचारून ते गेले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, आलेच नाहीत. सौ.नं वाढलेलं ताट झाकून ठेवलं.

सोमवारी साहेबांनी माझ्या वहीला शाबासकी दिली. गावंड्यांनी पोरांच्या वह्या पुढे ठेवल्या. "साहेब, हे लेकरायनं डोयानं पाह्यलं." साहेबांनी पानही उलटलं नाही. महिन्याभरात गावंड्यांची मारेगावकडे बदली झाली. साहेबांना दाखवलेली वही खोटी आहे, असा त्यांनी वर अर्ज केला. उत्तर आलं: खोटी वही कोणी लिहिली ते लेखी कळवा, मग बदलीचा विचार करू.

तीन आठवडे मला अन्न गोड लागलं नाही. एका नावानं त्यांची बदली टळत होती आणि माझी चूल विझत होती. लाज सांगतो, त्यांनी लवकर निघून जावं असं मला वाटत होतं.

निघताना त्यांना फाट्यावर पोचवायला गेलो. सौ.नं दिलेली शिदोरी त्यांनी न उघडताच ट्रंकेत ठेवली. मग खिशातून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. त्यांनी वर पाठवलेल्या उत्तराची नक्कल होती. खोटी वही कोणाच्या हातची? खाली त्यांच्या वाकड्या अक्षरात दोन शब्द: माहीत नाही.

"मास्तर, तुम्ही त पाह्यलं!" मी म्हणालो.

त्यांनी कागदाची घडी घातली. एसटी येऊन उभी राहिली तरी घडीच घालत होते.

"सातवीच्या पोरायले नोको सांगजो, लेका."

दुसऱ्या दिवशी मी दुसरीची हजेरी घेतली. झमकी हजर.