देव्हाऱ्यातला चर्ट

आमच्या कॉलनीत कुणाचीही वास्तुशांत असो, नाना आधी ओट्याचा दगड बघतात. जेवण नंतर. शेजारी तर भटजी खोळंबले होते आणि नाना भिंग लावून ओट्यावर ओणवे! "आठे कोन व्हतं?", म्हणजे इथं कोण होतं, हा त्यांचा ठरलेला प्रश्न. घरमालकीण बिचारी म्हणाली, आमच्याआधी कुणी नाही हो, घर नवीन आहे.

नाना जळगावच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झाले. मूळचे धरणगावकडचे, त्यामुळे मनातलं बोलताना अहिराणीवर येतात. खानदेशातल्या काळ्या दगडावर त्यांचा राग. आगीतून निघालेला तो, त्यात कोण राहणार? त्यांचा जीव चर्टवर. जुन्या समुद्राच्या तळाशी जमलेला, गारगोटीच्या जातीचा हा दगड. त्यात अब्जावधी वर्षांपूर्वीच्या जिवांची खूण सापडते म्हणे. सांगाडा नाही, शिंपला नाही, नुसता कार्बन. "जिवाले हलका कार्बन आवडस," नाना सांगतात. भरताला आपण हलकं वांगं निवडतो ना, तसं. दगडात हलका कार्बन जास्त निघाला, की समजायचं कुणीतरी जेवून गेलंय.

तरुणपणी कर्नाटकातून असा एक चर्ट त्यांनी कापसात गुंडाळून आणला. त्यातली काळी रेघ जिवाचीच, ही खात्री. पण तपासायची सोय कुठली! एकदा ते लग्नाला चाळीसगावला गेले आणि इकडे अक्कांनी, त्यांच्या बायकोनं, कपाट आवरलं. एवढा जपून ठेवलाय म्हणजे देवच असणार! अक्कांनी त्याला आंघोळ घातली, तेल-शेंदूर लावला, देव्हाऱ्यात बसवला. नाना कित्येक दिवस धड जेवले नाहीत. अक्का मात्र रोज तेलाचं बोट लावत राहिल्या.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. परवा नानांचा जुना विद्यार्थी पुण्याहून आला. त्याच्या प्रयोगशाळेत आता हे सगळं तपासता येतं. नानांनी हरखून दगड त्याच्या हातात दिला, वर पेढा दिला. मग सहज विचारलं, आधी काय करशील? तो म्हणाला, वरचा थर कापून टाकायचा. तेल-शेंदूर गेल्यावरच आतलं खरं कळेल.

नानांनी दगड परत घेतला.

मी चिडलोच. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते दारात आलं, आणि हे काय भलतंच? नाना म्हणाले, ते जीव इतके थांबलेत, आणखी थांबतील. हिच्या साड्या पोरींनी नेल्या, भांडीही वाटून झाली.

"हिना हातनं घरमा इतलंच उरेल शे."