तीन झाल्याशिवाय सुट्टी नाही

नगर परिषदेची निवडणूक जाहीर झाली की आमच्या घरपट्टीच्या टेबलावरचे इंगळेभाऊ डोक्यावरून टॉवेल ओढून घेतात आणि म्हातारी होतात. चांगला उंचापुरा, झुपकेदार मिशीचा, जुना कबड्डीपटू माणूस. पण टॉवेल पदरासारखा घेतला की कंबरेतून वाकतो, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यापासून केलेल्या मशीनसमोर उभा राहून मला विचारतो, "याच्यातून चाय कोठून निंगते वं बाई?"

हसू नका. ही आमची मतदानाची तालीम असते. सरकारी प्रशिक्षण वेगळं. अकोल्याहून आलेले साहेब ते पडद्यावर चित्रं दाखवून देतात आणि अर्धं ऑफिस डुलक्या काढतं. भाऊंच्या तालमीत डुलकी काढायची कोणाची टाप नाही. मी पाणीपट्टीच्या टेबलावर बसते. शाई लावायचं काम कायम माझ्याकडे. भाऊ कधी नवरी होऊन येतात आणि "मेंदीवर शाई नका लावू, सासू बोलन" म्हणून मिशीसकट रडतात. कधी घाईतले पाहुणे होतात, "लवकर लावा, मले मोर्शीची यष्टी धराची आहे." नियम समजावायला गेलं की उत्तर ठरलेलं: "मले काय शिकवता? मी मतदार आहो."

खरं दुखणं तीन बटनांचं. आमच्याकडे एका मतदाराला तीन मतं द्यायची असतात. एक अध्यक्षाला, दोन वॉर्डातल्या नगरसेवकांना. लोकांना सवय विधानसभेची. एक बटन दाबतात, मशीनला भक्तिभावाने हात जोडतात आणि चालू लागतात. मशीन तिकडे फुगून बसलेली. तिची लांब शिट्टी तिसऱ्या बटनानंतर वाजते, आणि ती वाजल्याशिवाय पुढच्याचा नंबर लागत नाही. माणूस एकदा खोलीबाहेर गेला की गेला, त्याला परत बोलावता येत नाही. म्हणजे जे काय करायचं ते तो दारापर्यंत पोचायच्या आत.

म्हणून मतदानादिवशी केंद्राध्यक्ष इंगळेभाऊ दारात उभे राहतात. गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून. मतदाराच्या अंगाला हात लावायचा नाही, त्यामुळे तो डावीकडे गेला की भाऊ डावीकडे, तो उजवीकडे गेला की भाऊ उजवीकडे. तोंडाने चालूच, "तीन झाल्याशिवाय सुट्टी नाही." मागच्या खेपेला एका पैलवानाने तिन्ही बटनं नीट दाबली होती, शिट्टीही झाली होती, पण भाऊ रंगात आलेले. दोघं दारात इतका वेळ नाचले की रांगेतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या.

बाकीचे लोक ड्युटी टाळायला काय काय करतात म्हणून सांगू. कोणाची कंबर धरते, कोणाच्या साळ्याचं लग्न निघतं. एका मास्तरने सासऱ्याची तेरवी सांगितली, आणि तासाभरात सासराच घरपट्टी भरायला हजर. भाऊंनी मात्र ड्युटी कधी टाळली नाही. ते त्यांना फार महागात पडलं. मागच्या विधानसभेच्या मतदानादिवशी त्यांच्या वडिलांची तब्येत एकाएकी बिघडली. निरोप केंद्रावर आला, पण बदली माणूस मिळेना, आणि मशीन तहसीलमध्ये जमा केल्याशिवाय हलता येत नाही. भाऊ घरी पोचले तेव्हा वडील गेलेले होते. त्या दिवसापासून त्यांची आई त्यांच्याशी बोलत नाही. ती थोरल्या मुलाकडे, समोरच्याच घरात राहते. भाऊ रोज ऑफिसला येताना तिच्या दारात थांबून "निघतो वं माय" म्हणतात. ती तांदूळ निवडत राहते. हे त्यांनीच मला एकदा सांगितलं, आणि लगेच टॉवेल ओढून नवरी झाले.

यंदा ऐन आदल्या दिवशी एका केंद्राध्यक्षांना डेंग्यू झाला. खराखुरा. घरच्या वॉर्डात ड्युटी देत नाहीत, पण माणूसच नव्हता, म्हणून भाऊंना त्यांच्याच वॉर्डातल्या शाळेवर, माझ्याच केंद्रावर टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा भाऊ ड्युटी बदलून मागायला ड्युट्या लावणाऱ्या साहेबांपुढे उभे राहिले.

"साहेब, मले दुसरीकडं टाका. तिथं माही माय येते मताले."

"अरे वा, मग छानच की," साहेब म्हणाले. साहेब पुण्याचे, नुकतेच आलेले. त्यांना कोण काय सांगणार?

दुपारी आई आली. सून व्हरांड्यात थांबली, म्हातारी एकटी आत आली. मी बोटाला शाई लावली. भाऊ दारात भिंतीला चिकटून उभे. म्हातारी पडद्याआड गेली, एक बटन दाबलं, हात जोडले आणि निघाली.

सकाळपासून ओरडून शाळा डोक्यावर घेतलेला माणूस आता खांद्यावरच्या टॉवेलचं टोक पिळत उभा होता. पण ती दाराशी आली तसे हात आपोआप पसरले.

"माय, अजून दोन राहिले."

ती थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "याले म्हना, बाजूले हो."

"नाही होता येत, माय."

एरवी कचाकचा भांडणारे उमेदवारांचे एजंटसुद्धा खाली बघू लागले. मला वाटलं, ही बाई आता निघून जाणार, आणि या माणसाचं उरलंसुरलंही गेलं. तेवढ्यात म्हातारीने मान वर केली आणि सरळ मुलाकडे पाहिलं.

"कोनतं दाबू?"

एवढ्या दिवसांनी आईने काही विचारलं, आणि विचारलं तेही नेमकं तेच, जे सांगायची केंद्राध्यक्षाला सक्त मनाई. भाऊंचा चेहरा बघून मला हसू आलं आणि रडूही आलं, कोणतं आधी ते कळेना.

"ते मले सांगता येत नाही, माय. तुह्या मनानं दाब."

"सांगता येत नाही, येता येत नाही," म्हातारी पुटपुटली. "कोन्या कामाचा आहेस तू?" पण मागे फिरली. थोड्या वेळाने लांब शिट्टी वाजली.

बाहेर पडताना ती भाऊंपुढे थांबली. "जेवला?"

भाऊंनी नाही म्हणून मान हलवली.

"घरी कवा येशीन?"

आता तरी खोटं बोला हो भाऊ, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्यांना ते कधी जमलंय?

"मशीन जमा केल्यावर, माय. लय उशीर होईन."

म्हातारीने त्यांच्या अजून पसरलेल्याच हाताला हात लावला आणि तो हळूच खाली केला.

"होऊ दे उशीर. जमा करूनच ये. मी जागी राहीन."