पऱ्हाटीचं सँपल

अंगणातला पऱ्हाटीचा, म्हणजे कापूस वेचून झालेल्या वाळल्या झाडांचा ढीग हीनाच्या लग्नाआधी हलला पाहिजे, नाहीतर पोरीचा मांडव टाकायला जागा नाही, ही शकीलभाईंची अडचण होती. मोताळ्याच्या आसपासच्या शेतांतून गोळा केलेला तो ढीग वरून सोन्यासारखा दिसे. पोटात मुळांची माती, ओल, शेळ्यांच्या लेंड्या आणि ठिबकच्या नळ्यांचे तुकडे सुखानं नांदत होते.

जळणाच्या कांड्या करणारा एक कारखाना ढीग उचलणार होता, पण आधी नमुना तपासून. नियम असा, की ढिगाच्या वरून, पोटातून, बुडातून थोडं थोडं काढायचं, बारीक करून कालवायचं, चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि असं करत पिशवीभर उरवायचं. म्हणजे पिशवीतून अख्खा ढीग बोलतो. हा नियम कारखान्यानं फ्रेम करून भिंतीवर टांगला होता. तिथं तो कोणाच्या पायात येत नाही.

नमुना घेणारे ज्ञानेश्वर साहेब पांढऱ्या बुटांचे. ढिगात साप असतात म्हणून त्यांनी फोनवरच सांगून टाकलं, की पिशवी तुम्हीच भरून ठेवा, मी येऊन सील मारतो.

बाजारात पोत्याच्या तोंडाशी निवडक तूर ठेवतात, तसंच शकीलभाईंनी केलं. चांगल्या काड्या वेचल्या, मुळं छाटली, फडक्यानं पुसून गच्चीवर वाळवल्या. अत्तर लावायचं तेवढं राहिलं. ओल धरू नये म्हणून पिशवी चुलीजवळ ठेवली.

साहेब आले आणि ढिगाकडे पाठ करून खुर्चीत बसले. नेमका गॅस संपला होता. मुबीनाबींनी चुलीजवळची वाळली काडी पाहिली, मनातल्या मनात नवऱ्याला दुवा दिली आणि पिशवी चुलीत रिकामी केली. चहा बघता बघता उकळला.

"भाभी, चहा लय भारी," साहेब म्हणाले. "धुराचा वास नाही, काई नाही."

शकीलभाई पिशवी घ्यायला आत गेले, तर चुलीजवळ पिशवी रिकामी.

"काऊन वं, यातलं सँपल कुठी गेलं?"

"मले काय मालूम ते सँपल होतं? तुमच्या साहेबासाठीच तं जाळलं."

ओरडायची सोय नव्हती. मुबीनाबी मागच्या दारानं ढिगाच्या पलीकडे गेल्या. घाईत हात जाईल तिथून, वरून, पोटातून, बुडातून ओरबाडलं आणि मोडून, कालवून पिशवीत कोंबलं. साहेबांनी न उघडता सील ठोकलं. त्यांच्या अख्ख्या नोकरीत जवळपास नियमानं भरलेली ही पहिली पिशवी, आणि ती भरली जाताना ते बशीतून चहा फुरकत होते.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. राख लय, ओल लय, ढीग नापास. बाकीच्यांचे ढीग कसे पास होतात, असं शकीलभाईंनी विचारलं, तर म्हणाले, त्यांचं सँपल चांगलं असते.

"चांगलं सँपल तं माह्यंबी होतं साहेब. तुम्ही चहात पेऊन गेले. भारी आहे म्हणलेबी."

सील कोणाचं, हे साहेबांना आठवलं असावं.

"दुसरी पिशवी भरून ठेवा," ते हळूच म्हणाले. "उद्या येतो. अन् भाभीले सांगा, मी चहा घरूनच पेऊन येईन."

ढीग पास झाला, मांडव वेळेवर उभा राहिला. खरं बोललेली ती पिशवी कारखान्यानं उकिरड्यावर फेकली.