सोळा रंगांतले बाबा

"चाळीस मिनिटं," दसऱ्याच्या सकाळी सुधन्वानं आईला सांगितलं. "चाळीस मिनिटांत आपला कॉम्प्युटर कात टाकतो की नाही बघ."

सुधन्वा एम.एस्सी. फिजिक्स, पहिला वर्ग. नेहरू प्लेसच्या फुटपाथवरून त्यानं नव्या सिस्टीमची सीडी आणली होती. जगात जे जे बिघडतं ते नीट निरीक्षण केलं की दुरुस्त होतं, असा त्याचा ठाम विश्वास होता. घाईचं खरं कारण मात्र वेगळं होतं. जर्मनीतल्या एका विद्यापीठानं त्याला पीएच.डी.ची जागा देऊ केली होती आणि होकार कळवायची मुदत त्याच दिवशी, तिथल्या बाराला म्हणजे आपल्या दुपारी साडेतीनला संपत होती. जुन्या सिस्टीमवर मेल उघडता उघडता कॉम्प्युटर मान टाकायचा, म्हणून हा खटाटोप. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. गाझियाबादच्या त्या तिसऱ्या मजल्यावर आता दोघंच राहत होते, आणि 'चार वर्षं' हे दोन शब्द कुमुदताईंपुढे उच्चारायचे कसे, याबाबतीत अजून कुठलंच निरीक्षण उपयोगी पडलं नव्हतं.

सीडी फिरत राहिली आणि सुधन्वा आंघोळीला गेला. इकडे कुमुदताई पूजेचं ताट घेऊन आल्या. दसऱ्याला घरातली यंत्रं पुजायची. शिलाई मशीन झालं होतं, मिक्सर झाला होता, आता कॉम्प्युटर. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वाहिलं. नारळ मॉनिटरवरून गडगडत होता, म्हणून त्यांनी तो कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यावर नीट बसवला आणि हात जोडले.

थोड्या वेळानं त्या बाथरूमच्या दाराशी आल्या.

"सुधन्वा, शिट्या झाल्या रे. तीन."

"मग कुकर बंद कर."

"कुकर लावलाच नाहीये."

तो टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आला. पडद्यावर इंग्रजी मजकुराची एक चौकट उभी होती. सुधन्वानं माउसनं 'ओके' केलं. चौकटी वाचणं विज्ञानात मोडत नाही, अशी त्याची समजूत असावी. चौकट नाहीशी झाली आणि तिच्यामागून बाबा उगवले.

शांताराम यांचा हा फोटो सुधन्वानंच पडद्यावर लावला होता. छान हसरा फोटो होता. पण नव्या सिस्टीमला मॉनिटरचे हजारो रंग ओळखू येत नव्हते, फक्त सोळा येत होते. कपाळ हिरवं, गाल जांभळे, डोळ्यांच्या जागी शाईचे दोन डाग. त्यातून सगळंच दुपटीनं मोठं झालेलं. कान आणि हनुवटी पडद्याच्या बाहेर गेली होती आणि उरलेला चेहरा काचेला नाक लावून बघावं तसा बघत होता.

कुमुदताईंनी निरांजन पडद्याजवळ नेलं. "हे असे का बघताहेत?"

"रंग कमी पडलेत, आई. होईल नीट."

"रंग कमी पडून नजर बदलते होय?"

तेवढ्या माउसचं आईनं चालवून घेतलं, पण नैवेद्य होईपर्यंत पुजलेल्या वस्तूला हात लावायचा नाही, हा घरचा नियम. दोन वाजता आईनं नारळ उचलला, तेव्हा सुधन्वानं खुर्चीत जवळजवळ उडीच मारली. इंटरनेटचा फोन किंचाळत किंचाळत जोडला गेला. त्यानं टाइप करायला घेतलं, तर पडद्यावर काही उमटेना.

एकही अक्षर नाही. त्यानं केबल काढून पुन्हा लावली. कीबोर्ड उलटा करून झटकला. चिवड्यातल्या दोन डाळी आणि एक टाचणी पडली. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. बाबा पुन्हा हिरवेच उगवले. शेजारच्या भल्लांचा कीबोर्ड मागून आणला ("ध्यान से, यार, नया है"). तोही मुका. तो परत करून आपलाच पुन्हा जोडला. म्हणजे दोष कीबोर्डात नव्हता. तो पळत पळत सायबर कॅफेवर गेला. शटरवर चिठ्ठी चिकटवली होती: 'आज बंद. रावण देखने गए हैं.'

परत आला तेव्हा तीनला पाच कमी होते. इमारत रिकामी झाली होती. जिन्यात चपलेचा आवाज नाही, कुणाचा टीव्ही नाही. समोरच्या मैदानात संध्याकाळी जाळायचा रावण उभा होता, आणि त्याचं मधलं तोंड नेमकं तिसऱ्या मजल्याच्या खिडकीला लागून आत बघत होतं. खोलीत एका बाजूनं रावण आणि दुसऱ्या बाजूनं बाबा. मध्ये आई बसून पदराच्या टोकानं बटणांवरचं कुंकू टिपत होती.

"अरे, हे काय उमटलं बघ."

टाइप करायला उघडलेल्या रिकाम्या चौकटीत एक 'एस' आला होता.

सुधन्वानं तेच बटण दाबलं. काही नाही. दहा वेळा दाबलं. काही नाही.

"आता तू दाब."

कुमुदताईंनी दारावरची बेल वाजवावी तसं बटण दाबून धरलं. दुसरा 'एस' आला.

सुधन्वानं वाकून बटणाकडे बघितलं. एकच बटण दोन माणसांना दोन वेगळी उत्तरं देतं, असं फिजिक्समध्ये कुठेच लिहिलेलं नाही.

"ते आहेत," कुमुदताई शांतपणे म्हणाल्या.

"काहीतरी बोलू नकोस, आई."

"तू घाईनं बडवतोयस. ह्यांना घाई कधी चालली का? ऑफिसात घाईचा कागद आला की दोन दिवस दाबून ठेवायचे, मग सही."

तीन वाजले. "आई, मला एक मेल पाठवायचाय. तूच टाइप कर."

"मी?"

"तुझंच ऐकतोय ना तो. आधी पासवर्ड. डी."

कुमुदताईंनी डी शोधला, दाबला. पडद्यावर अक्षराऐवजी चांदणी आली.

"ई. मग व्ही. आय." सुधन्वाचा आवाज बारीक होत गेला. "के. ए."

पडद्यावर सहा चांदण्या होत्या, पण कुमुदताईंची स्मरणशक्ती शाबूत होती.

"देविका," त्या म्हणाल्या. "कोण ही?"

"लॅबमध्ये आहे."

"आडनाव?"

"नायर."

"अच्छा." मग डोळे बटणांवरच ठेवून, "मासे करता येत असतील तिला."

"आई, सव्वातीन होत आले. लिही, आय ॲक्सेप्ट द पोझिशन विथ थँक्स."

त्यांनी 'आय' लिहिला आणि बोट उचललं. "कसली पोझिशन?"

मग त्याला सांगावंच लागलं. जर्मनी. चार वर्षं. हवं तर तू पुण्याला मावशीकडे राहा.

"मावशीकडे मी चार दिवस राहते, पाचव्या दिवशी आमचं भांडण होतं," कुमुदताई म्हणाल्या आणि त्यांनी हात पदरात घेतले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. पासवर्डाच्या वेळी सुधन्वाचं निरीक्षण चालूच होतं. आई प्रत्येक बटण पूर्ण दोन सेकंद दाबून धरत होती. त्यानं हळूच हात पुढे करून जागा सोडायचं लांबपट्टीचं बटण दोन सेकंद दाबलं. कर्सर सरकला. कोडं सुटलं होतं. आईला बाजूला करून तो स्वतः होकार पाठवू शकत होता. घड्याळात तीन सतरा झाले होते.

त्यानं दोन्ही हात मांडीखाली घातले आणि बसून राहिला.

मेलच्या चौकटीच्या वरून बाबांचा एक शाईचा डोळा दिसत होता. कुमुदताई त्याच्याकडे बघत होत्या. खिडकीत वाऱ्यानं रावणाचा कागद फडफडला. तीन वीस. तीन बावीस. आणि अचानक पडदा काळाठिक्कर पडला.

कुमुदताई पुढे वाकल्या. "डोळे मिटले त्यांनी."

सुधन्वाचे हात मांडीखालीच होते.

"हो म्हणायचं असलं की असेच मिटायचे. तोंडानं कधी म्हणाले नाहीत."

पाच मिनिटं कुणी हात लावला नाही की पडदा आपोआप काळा होतो, हे सुधन्वाला ठाऊक होतं. ते समजावून सांगायला त्यानं तोंडही उघडलं. मग पुन्हा मिटलं.

कुमुदताईंनी बटण दाबलं. बाबा परत आले. दुसऱ्यांदा दाबलं, 'ए' आला. होकार तीन अठ्ठावीसला गेला.

रात्री जेवणानंतर सुधन्वानं सेटिंग्जमधली ती चौकट शोधून काढली आणि या वेळी वाचली. उजव्या कोपऱ्यातलं शिफ्ट बटण बराच वेळ दाबून धरलं, तर कॉम्प्युटर शिट्या मारतो आणि ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी कीबोर्ड संथ करून देतो. नारळाला हे माहीत नसणार. सुधन्वानं एक खूण काढली आणि सगळं सरळ झालं. रंग मात्र सोळाच राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला, तर आई कॉम्प्युटरपुढे हताश बसली होती. पडद्यावर 'डी'ची रांग लागली होती.

"काय केलंस याला? एक दाबलं की वीस येतात."

"आई, बिघाड होता तो. मी काढला."

"मग परत घाल."

त्यानं मुकाट्यानं घातला.

"आता बाहेर जाऊन बस," कुमुदताई म्हणाल्या. "देविकाला लिहायचंय."

तो गॅलरीत बसला. आतून एकेक बटण दाबल्याचा आवाज येत होता, संथ, अगदी एकसारखा. अर्धा तास झाला तरी तो थांबेना, तेव्हा त्यानं हिशेब केला. एकेक बटण शोधून दाबायला पाच सेकंद धरले, तर साडेतीनशेच्या वर अक्षरं झाली होती. जर्मनीला होकार द्यायला अठ्ठावीस पुरली होती.